खालच्या शेतातलं तळं

शॅडी फोर्क, मिसिसिपी
३ मे १९५७

प्रिय क्लोटीलताई,

तू आणि रॉस्को, दोघं नवराबायको शिकागोत सुखरूप असाल असं धरून लिहितो. आमचंही बरं आहे असं लिहिणार होतो, पण अर्नी, बायकोच ती, मागे उभी राहून वाचतेय आणि म्हणतेय, सख्ख्या बहिणीला कशाला खोटं लिहितोस.

गावाबाहेर नवा सरकारी तलाव होतोय हे तुला मागे कळवलं होतं. त्याच्या बांधावर मी अख्खा हिवाळा माझी दोन खेचरं लावून माती ओढली. गेल्या शनिवारी तो मासेमारीला उघडला. पापांनी सकाळीच दाढी केली, इस्टरचा शर्ट घातला, वेळूच्या काठीला नवी दोरी बांधली. मी म्हटलं, "पापा, आधी मी जाऊन विचारून येतो." तर म्हणाले, "विचारायचं काय त्यात? पाणी आपल्याच ओढ्याचं. जन्मभर त्यातलेच मासे खातोय मी."

फाटकावर रखवालदार होता, मिसरूड फुटलेलं पोर. त्याने पापांकडे बघितलंसुद्धा नाही. मला म्हणाला, "म्हाताऱ्याला गाडीत घाल आणि गाडी फिरव. हा तलाव गोऱ्यांचा आहे, काळ्यांचा नाही." मी म्हटलं, "माती ओढत होतो तेव्हा कुणी बोललं नाही तसं." त्यावर त्याने पापांच्या हातातली काठी काढून घेतली, गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे त्यांच्याच हातात परत ठेवले. शांतपणे. जणू काही पडलेली वस्तू उचलून देतोय.

तेव्हापासून पापा बोललेले नाहीत. जेवतात, कोंबड्यांना दाणे टाकतात, रविवारी चर्चमध्ये येऊन बसतात. तोंड उघडत नाहीत.

म्हणून मी ठरवलंय. खालच्या शेतात, जिथे पाणी साचून दरवर्षी मका कुजतो, तिथे तळं खणायचं. आपलं स्वतःचं. त्यात बास मासे सोडायचे आणि असे पोसायचे, की सरकारी तलावातला बास त्यांच्याशेजारी ठेवला तर पिल्लू वाटावं.

पण खालचं शेत पापांच्या माघारी तुझ्या वाट्याला यायचंय. एकदा पाणी भरलं की तिथे पुन्हा काही पिकायचं नाही. म्हणून विचारतो. हो म्हण.

तुझा भाऊ,
इझेल

———

शिकागो
२० मे १९५७

इझेल,

पापांच्या काठीचं वाचलं त्या दिवशी हॉस्पिटलच्या लाँड्रीत मी इतक्या जोरात चादरी आपटल्या, की मुकादमीण विचारायला आली, बाई, कुणाला मारतेस? पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे.

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? त्यांनी त्यांचं फाटक लावलं म्हणून तू माझं शेत बुडवणार? आणि समज, झाला तुझा मासा मोठा. तो कुणाच्या डोळ्यांत खुपणार? गोऱ्याच्या माशापेक्षा मोठा मासा पाळून सुखाने झोपलेला माणूस तिकडे कुणी पाहिलाय का?

ते शेत विकून टाक. पापांना आणि अर्नीला घेऊन इकडे ये. इथे समुद्राएवढं तळं आहे, पैलतीर दिसत नाही. रॉस्को सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन जातो. कुणी त्याला नावसुद्धा विचारत नाही.

पापांना माझे मुके. त्यांना म्हणावं, बोला. रुसून बसायचं वय राहिलं नाही आता.

क्लोटील

———

शॅडी फोर्क
२३ मार्च १९५८

प्रिय ताई,

इतके महिने लिहिलं नाही, कारण तुझं न ऐकता काम सुरू केलं होतं आणि ते पुरं झाल्याशिवाय तुला तोंड दाखवायचं नव्हतं.

अर्थात सगळा दोष माझा नाही. तुझं पत्र मी पापांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं, उठले, भिंतीला टेकवलेलं फावडं घेतलं आणि खालच्या शेताकडे चालू लागले. शेत अजून त्यांचं आहे, ताई. तू नाही म्हणालीस, ते हो म्हणाले. तोंडाने नाही, फावड्याने.

कापूस वेचून झाल्यावर चर्चमधले सगळे जण खेचरं घेऊन आले. बांध इतका रुंद घातलाय की वरून खेचरांची गाडी जावी. थंडीच्या पावसात तळं भरलं. मग मी मत्स्यबीज केंद्रावर गेलो. शेतकऱ्यांना तिथे बासची पिल्लं फुकट देतात. कारकुनाने माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे न बघताच म्हणाला, "यादी भरली." मी म्हटलं, "पुढच्या वर्षी?" म्हणाला, "तीपण."

ठीक आहे म्हटलं. पिल्लं आम्ही नदीतून धरून आणू. पण नुसते मासे सोडून भागत नाही, त्यांना खायला हवं. अर्नीचा भाऊ आल्सीद लुइझियानात भाताच्या खाचरांत क्रॉफिश पकडतो, ते नांग्यावाले लाल झिंगे. त्याचं म्हणणं, बासला झिंगे मिळाले की तो डुकरासारखा फुगतो. तर परवा तो ट्रक घेऊन आला. ओल्या गोण्या, वर शेवाळ, आत जिवंत झिंगे, सगळी गाडी करकर वाजतेय.

अर्नीने गोणीत डोकावलं आणि कमरेवर हात ठेवले. "हे माशांना घालणार? माझ्या माहेरी हे पाहुण्यांना वाढतात!" आल्सीद म्हणाला, "मी पण तेच म्हटलं बाई, पण तुझा नवरा ऐकेल तर ना." शेवटी एक गोणी तिच्या मोठ्या पातेल्यात गेली, तेव्हा कुठे बाकीच्या तळ्याकडे जाऊ दिल्या.

आल्सीदने सगळं शिकवलं. आधी झिंगे आणि बारके ब्रीम मासे सोडायचे. झिंग्यांना पिल्लं होऊ द्यायची, मगच बास. पाण्यात फांद्या आणि फुटक्या विटांचे ढीग टाकायचे, लपायला. नाहीतर बास एका महिन्यात वंश बुडवतात. आणि तळ्याची पातळी खाली जाऊ द्यायची नाही. पाणी हटलं की हे प्राणी बिळं करत खाली जातात आणि बांध कच्चा असेल तर पोखरतात.

एवढं ऐकूनही मी उत्साहाच्या भरात गोणी उचलली आणि पाण्यात उलटी करणार, तोच मागून आवाज आला.

"अरे गाढवा! फेकतोस काय? काठावर ठेव. चालत जाऊ दे त्यांना."

ताई, पापा बोलले! जवळजवळ अकरा महिन्यांनी, आणि पहिलाच शब्द माझ्यासाठी गाढव. अर्नी रडायला लागली. मी गोणी काठावर आडवी ठेवली. झिंगे बाहेर आले, नांग्या वर करून जरा थांबले, मग एकेक करत पाण्यात उतरले. पापा वाकून बघत होते. म्हणाले, "बघ, कसे जातात. कुणाच्या बापाला न विचारता."

तू रागावली असशील. रागाव. पण एकदा येऊन बघ.

तुझा गाढव भाऊ,
इझेल

———

शिकागो
१८ जुलै १९५८

इझेल,

रागावले होतेच. मग 'गाढवा'पर्यंत आले आणि लाँड्रीच्या जिन्यात बसून हसले. बायकांना वाटलं, उन्हाने हिचं डोकं फिरलं.

माझं शेत बुडवलंस ते बुडवलंस. निदान मासे तरी मोठे कर. बास सोडलेस का? पापा आता काय काय बोलतात, सगळं कळव.

या उन्हाळ्यात येणं जमणार नाही. रॉस्कोला गिरणीत रात्रपाळी लागली आहे, दिवसा झोपून असतो. बाकी इथे सगळं छान आहे.

क्लोटील

———

शॅडी फोर्क
१४ ऑक्टोबर १९५८

प्रिय ताई,

तुझंच खरं झालं. तळं गेलं. झिंग्यांनी बांध पोखरला आणि गेल्या आठवड्यात तो फुटला. जूनमध्ये सोडलेले बास चांगले वीतभर व्हायला लागले होते.

पापा ठीक आहेत. काळजी करू नकोस. तिकडे घरभाडं कसं पडतं?

इझेल

———

शिकागो
२५ ऑक्टोबर १९५८

इझेल,

तुला बरं वाटावं म्हणून गोड लिहायला बसले होते, पण जमत नाही. आल्सीदने सांगितलं होतं ना तुला? आपल्याच हाताने बांधात कीड सोडलीस आणि आता फुटला म्हणून रडतोस. शेत गेलं ते गेलं, तळंही गेलं.

असो. आमच्याच मजल्यावर एक खोली रिकामी होतेय. खिडकी भिंतीकडे आहे, पण पापांना शेगडीजवळ ऊब मिळेल. मालकिणीला मी शब्द टाकून ठेवलाय. ख्रिसमसच्या आत काय ते कळव.

क्लोटील

———

शॅडी फोर्क
९ नोव्हेंबर १९५८

क्लोटीलताई,

मी अर्निस्टीन. इझेलला न विचारता लिहितेय, आणि कळलं तरी मला पर्वा नाही.

तुम्ही माझ्या झिंग्यांना कीड म्हणालात. खेचरांची गाडी जाईल एवढा बांध झिंगे फोडतील का हो? तो फावड्यांनी कापलाय. दोन्ही बाजू अशा सरळ, जशा कबरीच्या खड्ड्याच्या असतात. ट्रकच्या चाकांचे चर रस्त्यापर्यंत गेलेले. पोलिसाला बोलावलं, तर तो उतरला, बुटाच्या टोकाने झिंग्याचं एक बीळ दाखवलं आणि म्हणाला, "हे बघ. जनावरं पाळायची तर अक्कल वापरून पाळावीत." इझेलने त्याच्यासमोर मान डोलावली आणि तीच गोष्ट तुम्हाला लिहून पाठवली. तुम्ही घाबरू नये म्हणून, असं म्हणतो. मला वाटतं, त्याला स्वतःलाच ती खरी मानायची आहे.

त्या दिवशी काय झालं ते ऐका. सगळं पाणी ओढ्यात गेलेलं, चिखलात मासे तडफडत होते. चर्चमधल्या बायका कपडे धुवायची घंगाळं घेऊन धावत आल्या. झऱ्याजवळच्या खड्ड्यात थोडं पाणी होतं, जगतील ते मासे तिथे टाकले. बाकीचे आम्ही तळले. चुली मी मुद्दाम अंगणात, रस्त्याच्या कडेला मांडल्या. म्हटलं, वास गावापर्यंत जाऊ दे. ज्यांनी बांध कापला त्यांना कळू दे, की आज शॅडी फोर्कमध्ये रडायला कुणी बसलेलं नाही, सगळे जेवायला बसलेत.

पापा रोज खुर्ची घेऊन बांधाच्या भगदाडाशी जाऊन बसतात. इझेल मात्र तुमचं ते खोलीचं पत्र खिशात घालून फिरतोय. तो खचलाय, ताई. तुम्ही त्याला या म्हणालात तर तो येईल. तुमचं मन मोडायला मी लिहीत नाही. फक्त जे लिहायचं ते खरं काय ते समजून लिहा.

तुमची,
अर्नी

———

शिकागो
२३ नोव्हेंबर १९५८

इझेल, माझ्या भावा,

अर्नीने लिहिलं. तिला एक शब्द बोलशील तर माझ्याशी गाठ आहे.

तू माझ्याशी खोटं बोललास, म्हणून मी तुला झोडपायला बसले. मग लक्षात आलं की कुठल्या तोंडाने झोडपू?

रॉस्कोला रात्रपाळी नव्हती. जुलैच्या पहिल्या रविवारी तो दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर गळ टाकून बसला होता. तिथे फाटक नाही, पाटी नाही, कायद्याने कुणालाही बसता येतं. चार-पाच गोरे आले आणि म्हणाले, आमच्या बाजूला का बसलास? तो म्हणाला, पाण्याला कसली बाजू? बाटलीने मारलं त्याला. पुढचे तीन दात गेले, कानाला टाके पडले. पोलिसाने त्यालाच विचारलं, तू तिथे गेलास कशाला? तेव्हापासून त्याने गळाला हात लावलेला नाही. सुट्टीच्या दिवशी खिडकीला पाठ करून बसतो. माझ्याशीही हात तोंडावर धरून बोलतो.

आणि मी तुला लिहिलं, बाकी इथे सगळं छान आहे. का, तर तू इकडे यावंस म्हणून. तू तिकडे राहिलास की मला रात्रंदिवस भीती वाटते, आणि भीती माणसाला लबाड करते.

खोली नको, असं मालकिणीला सांगून आले.

आता नीट ऐक. खालचं शेत माझ्या वाट्याचं आहे, असं तूच लिहिलं होतंस. मग माझ्या शेतात काय असावं ते मी सांगते. मला तिथे पाणी हवंय. काठोकाठ. त्यांनी कापलं तर तू बांध, पुन्हा कापलं तर पुन्हा बांध. हात कमी पडले तर कळव, मी रजा काढून येईन. चादरी पिळून पिळून माझे दंड काही तुझ्यापेक्षा कमी नाहीत.

आणि मासे पोस. नुसते जगव असं म्हणत नाही मी. पोस.

तुझी,
क्लोटील

———

शॅडी फोर्क
१ मार्च १९५९

ताई,

भगदाड बुजवलं. आधीपेक्षा हातभर जास्त रुंद. तुझं पत्र मी चर्चमध्ये उभं राहून वाचलं, दंडांचं आलं तेव्हा बायकांनी टाळ्या वाजवल्या. आता पाळ्या लावल्यात. बांधावर रोज दोघे बसतात, मांडीवर बंदूक, समोर कॉफीची किटली. लपून नाही. रस्त्यावरून दिसेल असे.

काल पाणी खालच्या बिळांपर्यंत चढलं आणि झिंगे बाहेर आले. आम्हाला वाटलं होतं, सुकून मेले असतील. पण पाणी गेलं तेव्हा ते चिखलात खोल उतरून बसले होते. एकीच्या शेपटीखाली पिल्लांचा नुसता घोस, मुंगीएवढी पिल्लं. पापांनी तिला तळहातावर घेतलं, तर तिने त्यांचा अंगठा असा पकडला की सुटेना. पापा ओरडतायत आणि हसतायत. झऱ्याच्या खड्ड्यातले बास आता सोडतो.

रॉस्कोला पाठव. त्याला म्हणावं, तोंड झाकायची गरज नाही. इथे अर्ध्या लोकांना दात नाहीत.

इझेल

———

शॅडी फोर्क
१२ जून १९६०

प्रिय ताई,

रॉस्को सुखरूप पोचला. त्याला इथे येऊन आठवडा झाला आणि त्यातला बहुतेक त्याने पापांच्या शेजारी तळ्यावर काढलाय. पहिले दोन दिवस नुसता बघत बसला. तिसऱ्या दिवशी पापांनी दुसरी काठी त्याच्या हातात दिली. काल त्याने असा बास काढला की उचलून आणताना शेपूट जमिनीला लागत होतं. पोट चिरलं तर आत झिंगेच झिंगे. अर्नी म्हणाली, "मेला माझ्यापेक्षा चांगलं जेवतो."

काल आणखी एक गोष्ट झाली. रॉस्को सांगेलच, पण तो चार शब्दांत सांगेल. म्हणून मी लिहितो.

सरकारी तलावाची रया गेलीय. सगळं गवत आणि बोटाएवढे मासे. आणि आपल्या माशांची बातमी गावात फुटलीय. दुपारी एक गाडी येऊन थांबली. कापसाची सरकी काढतात त्या जिनचे मालक, थोरले पेटिग्रू. एकटेच, हातात रिळाची महागडी काठी. बांधावर पहाऱ्याला आपल्या चर्चचे कारभारी, डीकन होते, ते उठून उभे राहिले. आपला सगळा कापूस त्यांच्याच जिनमध्ये जातो.

पण माणूस नरम होता. टोपी हातात घेऊन पापांजवळ आला. म्हणाला, "अंकल झेब, तुझ्या तळ्यात मोठे बास आहेत म्हणतात. बसू देतोस का घटकाभर, अंकल?"

तरुणपणी 'ए पोरा', म्हातारपणी 'अंकल'; पंच्याहत्तर वर्षांत एकाही गोऱ्याने पापांना 'मिस्टर' म्हटलेलं नाही. मीसुद्धा ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला वाटलं, चला, निभावलं.

पापांनी पाण्यावर तरंगणाऱ्या गळाच्या बुचावरची नजर हलवली नाही. म्हणाले, "बसायला हरकत नाही. तुम्ही फक्त मालकाला विचारा."

"मालक तूच ना?"

"माझं नाव मिस्टर प्रॅदर आहे. मिस्टर झेबदी प्रॅदर. त्या नावाने विचारा, आणि ही माझ्या शेजारची जागा तुमची. आमिषाला झिंगेही माझेच देतो."

पेटिग्रूंच्या कानशिलापर्यंत लाली चढली. ते चिडलेले नव्हते. खरं सांगू, त्यांना बसायचं होतं. पाण्याकडे बघत होते. तेवढ्यात मध्यभागी एका बासने उडी मारली, केवढी तरी, आणि त्यांचा हात आपोआप रिळावर गेला. त्यांनी तोंड उघडलं. ओठ 'मि'साठी मिटले, मी शपथेवर सांगतो. पण शब्द काही बाहेर येईना. वाळू भरल्यासारखं तोंड हललं नुसतं. मग त्यांनी टोपी डोक्यावर घातली, वळले आणि गाडीत जाऊन बसले. बराच वेळ गाडी सुरू केली नाही. मग गेले.

मी म्हटलं, "पापा, जिन त्यांची आहे! एक मासा धरू दिला असता तर काय बिघडलं असतं?"

"एक कशाला? चार धरू दिले असते."

"मग?"

"तो अंकल झेबकडे मागत होता," पापा म्हणाले. "अंकल झेबकडे कुठलं आलंय तळं? तळं मिस्टर प्रॅदरचं आहे."

रॉस्को हसायला लागला. आधी खालमानेने, मग डोकं मागे टाकून, तोंड सताड उघडं, दातांची खिंड सगळ्यांना दिसत होती. डीकनही हसले. मीपण हसलो. यंदाचा कापूस तीस मैलांवरच्या जिनला न्यावा लागेल बहुतेक. नेऊ. आज रात्री बांधावर दोघांऐवजी सहा जण बसतील. बसू दे.

आम्ही हसत असतानाच पापांचं बूच बुडालं. "आता तरी गप्प बसा रे," ते म्हणाले आणि काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून उठले.

तुझा,
इझेल